ऊनमावशी

अळिंबी अंधारातच वाढते असं लोक समजतात. खरं म्हणजे तिला उजेड नसला तरी चालतं, एवढंच. पण चालतं म्हटल्यावर उजेडावर कोण पैसे घालवणार? त्यामुळे त्या लांबलचक खोल्यांना एकही खिडकी नव्हती. आत एकावर एक रचलेले वाफे, त्यांत काळं कुजवलेलं खत, खतावर मातीचा थर आणि त्या मातीतून वर आलेली पांढरी टोपडी. कपाळाला दिवा बांधून बायका वाफ्यांमधल्या बोळातून सरकायच्या, अळिंबी हलकेच पिळून उपटायच्या, सुरीने बुडखा छाटून टोपलीत ठेवायच्या. हवा ओली, भिंती ओल्या, केससुद्धा ओले. उजाडायच्या आधी आत शिरायचं आणि दिवस कलल्यावर बाहेर पडायचं. नव्याने कामाला आलेली बाई वर्षभरात अशी पांढरीफटक व्हायची की माहेरचे विचारायचे, बरं नाही का गं तुला?

या बायकांवर मुकादम होती ती ऊनमावशी. हे नाव बायकांनीच ठेवलं होतं, आधी चेष्टेनं आणि नंतर मायेनं. उंच, हाडापेराने मजबूत, आवाज असा की शेवटच्या बोळात कुजबुजणारीही तोंड मिटायची. नाकावर माशी बसू द्यायची नाही. नवरा लवकर गेला, मूलबाळ झालं नाही. धाकट्या बहिणीचा संसार तोच तिचा संसार. धाकटीही त्याच खोल्यांत कामाला होती. ही मात्र भित्री, झुरळ दिसलं तरी किंचाळणारी, आणि ताई म्हणेल ती पूर्व दिशा मानणारी.

मावशीच्या उन्हाच्या वेडाची सुरुवात आईच्या आजारपणात झाली. आईला मोठ्या आतड्याचा कॅन्सर होता, आणि कळला तेव्हा उशीर झाला होता. धाकटी उंबऱ्याशी उभी राहून रडायची. आईला उचलायचं, पुसायचं, चादरी बदलायच्या, हे सगळं थोरलीनं केलं. शेवटी शेवटी तर आई हातात घेतलेल्या सुपासारखी हलकी झाली होती. ती गेल्यावर इस्पितळातल्या डॉक्टरांनी दोघी बहिणींना समोर बसवून सांगितलं, "आईला होता, तेव्हा तुम्ही दोघींनी दुर्बिणीने आतडं तपासून घ्या. वेळ लावू नका." दोघींनी माना डोलावल्या. बाहेर पायऱ्यांवर आल्यावर थोरली म्हणाली, "बघू." त्या 'बघू'वर मग कितीतरी वर्षं निघून गेली.

मालकाने महिन्यातून एकदा येणारी एक डॉक्टरबाई ठेवली होती. तरुण, सरळ, समोरच्याला घाई असली तरी आपलं वाक्य पुरं करणारी. तिने एकदा सगळ्या बायकांचं रक्त तपासलं आणि कपाळाला हात लावला. ड जीवनसत्त्व कुणाच्याच अंगात धड नव्हतं. "हाडं ठिसूळ होतील तुमची," ती म्हणाली. "ऊन घ्या, गोळ्या घ्या." मग बोलता बोलता तिने आणखी एक गोष्ट सांगितली. कॅल्शियम आणि ड जीवनसत्त्व पुरेसं असेल तर आतड्याच्या कॅन्सरचा धोका थोडा कमी होतो असं काही अभ्यासांत दिसलंय, पण ते अजून पक्कं झालेलं नाही. मावशीने जिवाचा कान करून ऐकलं ते पहिलं अर्धं. दुसरं अर्धं त्या खोलीतल्या जमिनीवर पडलं आणि कुणी उचललं नाही.

त्या दिवसापासून मावशीच्या डोक्यात उन्हाने घर केलं. पण ऊन आणायचं कुठून? मालक दुपारच्या डब्यासाठीही खोलीबाहेर जाऊ द्यायला कुरकुरायचा. नेमका त्याच सुमारास त्याने पॅकिंगच्या जागी एक जांभळट दिवा बसवला. त्या दिव्याखालून अळिंबी नेली की तिच्यात ड जीवनसत्त्व तयार होतं आणि माल चढ्या भावाने जातो, असं त्याला कुणीतरी सांगितलं होतं, आणि ते खरंही होतं. मावशी कंबरेवर हात ठेवून त्याच्यासमोर जाऊन उभी राहिली.

"मालक, अळिंबीला ऊन आणि आम्हाला अंधार होय? मग आम्हालाही पाकिटात भरा आणि ठेवा त्या दिव्याखाली."

मालक आधी हसला, मग चिडला, आणि शेवटी त्याने हात टेकले. दुपारी अर्धा तास सगळ्यांनी मागच्या भिंतीपाशी ऊन घ्यायचं, असं ठरलं. मावशीच्या आयुष्यातला हा सगळ्यांत मोठा विजय, आणि तो तिने मिरवलाही तसाच. "चला गं, ऊन खायला!" ही आरोळी आली की बायका दिवे काढून, डोळे चोळत, एकमेकींना धरून बाहेर यायच्या आणि भिंतीला टेकून ओळीनं बसायच्या. बाह्या वर, तोंडं वर, डोळे मिटलेले. कुणी सावलीत सरकली की मावशी सरळ विचारायची, "कॅन्सर हवाय का तुला?" मग प्रत्येकीच्या हातावर एकेक गोळी ठेवायची आणि गिळलेली पाहिल्याशिवाय पुढे जायची नाही. धाकटीला तर आ करायला लावून जिभेखाली बघायची. एक जण पडली तरी तिच्या मनगटाचं हाड मोडलं नाही, दुसरीची पाठदुखी गेली. मावशीवरचा भरवसा वाढत गेला, आणि मावशीचा स्वतःवरचा तर आधीपासून आभाळाला टेकला होता. स्वतः ती एकाऐवजी दोन गोळ्या घ्यायची.

पोट साफ होईनासं झालं तेव्हाही तिने त्याचं कारण स्वतःच शोधलं. कॅल्शियमने पोट धरतं, हे डॉक्टरबाईनेच सांगितलं होतं. ते काही खोटं नव्हतं. जिना चढताना धाप लागायला लागली तर वय झालं म्हणाली. पोट फुगायचं, दुखायचं, मग आपोआप थांबायचं. गोळ्या लागू पडतायत याची ती खूण आहे असं तिने ठरवून टाकलं होतं आणि मावशीने एकदा ठरवलं की ते बदलायची कुणाची टाप नव्हती.

अशा दिवसांत डॉक्टरबाई एक खोका घेऊन आली. खोक्यात हिरव्या टोपणाच्या छोट्या नळ्या होत्या, प्रत्येकीच्या नावाची चिठ्ठी लावलेल्या. टोपणाला आतून काडी. सकाळी संडासला झालं की त्यात काडी टोचायची, नळीत घालायची, झाकण लावून आणून द्यायची. डोळ्यांना न दिसणारं रक्तही त्यात कळतं म्हणाली, आणि आतड्यात काही वाढत असेल तर वेळेवर सापडतं. बायका आधी तोंडावर हात घेऊन हसल्या आणि मग लाजून लाल झाल्या. कामाच्या जागी संडास दोनच, त्यातल्या एकाला कडी नव्हती. घरी कुणाचा सासरा, कुणाचा दीर, दाराबाहेर रांग. कागद पसरून, काडी घेऊन तिथे काय बसायचं, आणि बाहेर येताना ती नळी लपवायची कुठे?

डॉक्टरबाई गेल्यावर आपापली नळी हातात धरून बाकीच्या तेरा जणी मावशीकडे बघायला लागल्या.

आता इथे त्या कामाची एक रीत सांगायला हवी. संध्याकाळी माल वजनाला जायचा तेव्हा तिथला माणूस सगळ्या टोपल्या तपासत बसायचा नाही. खोलीतली एक टोपली उचलायचा, तिच्यातल्या दोनचार अळिंब्या मोडून आत डाग आहे का बघायचा. ती टोपली चांगली निघाली की अख्खी खोली पास. सगळ्या वाफ्यांना खत एक, पाणी एक, हवा एक. मग माल वेगळा कसा निघेल? वर्षानुवर्षं बायकांनी हेच पाहिलेलं.

"ऊन आपण सगळ्या एकच खातो," मावशी म्हणाली, "गोळी एकच घेतो, दिवसभर कोंडून असतो तेही एकाच खोलीत. मग खोलीतली एक टोपली दाखवली की झालं! आणि आपल्यात सगळ्यांत कडक टोपली कुठली?" तिने स्वतःच्या छातीवर थाप मारली. "आणा इकडे त्या नळ्या."

बायका इतक्या हसल्या की एकीला उचकी लागली. हसण्यात सुटका होती. एकेक नळी मावशीच्या पिशवीत पडायला लागली. धाकटी तेवढी नळी मुठीत धरून उभी राहिली.

"ताई, पण डॉक्टरबाईंनी ज्याची त्याने द्यायची म्हणून सांगितलंय."

"मग दे की तू तुझी. अडवलंय कुणी?"

धाकटीने इकडेतिकडे बघितलं, आणि तिचीही नळी पिशवीत गेली. दुसऱ्या दिवशी मावशीने घरच्या संडासात बसून सगळ्या नळ्या एकेक करून भरल्या आणि डॉक्टरबाईच्या हाती दिल्या. पोरगी किती खूश झाली! एकीनेही टाळलं नाही असं आजवर कुठेच झालं नव्हतं म्हणाली.

काही दिवसांनी तीच पोरगी भर कामात, न कळवता आली. सोबत मालक. त्याच्या तोंडचं पाणी पळालेलं. खोल्यांतले सगळे दिवे लावले गेले आणि बायकांना भिंतीशी उभं केलं. इतका उजेड त्या वाफ्यांवर कधी पडला नव्हता.

"सगळ्यांच्याच नळ्यांत रक्त सापडलंय," डॉक्टरबाई म्हणाली. तिचा आवाज ताब्यात नव्हता. "चौदाच्या चौदा. मला वाटलं यंत्र बिघडलं, म्हणून पुन्हा तपासायला लावलं. तेच आलं. एकाच जागी काम करणाऱ्या सगळ्यांना एकदम असं होणं म्हणजे इथल्या खतात, पाण्यात काहीतरी विषारी असणार. खोल्या बंद कराव्या लागतील. आणि तुम्हा प्रत्येकीला इस्पितळात घालून आतून तपासावं लागेल."

मालक खाली बसला. "मी बुडालो," एवढंच तो म्हणत राहिला.

बायकांपैकी कुणी मावशीकडे बघितलं नाही, आणि तेच भयंकर होतं. नजरा सगळ्या जमिनीवर. काम जाईल, इस्पितळात नाही नाही ते होईल, सगळं सोसलं असतं त्यांनी, पण मावशीचं नाव कुणाच्या तोंडून निघालं नसतं. धाकटीचा एक हात मात्र आपोआप स्वतःच्या तोंडावर गेला होता.

मावशीला सगळ्यांच्या आधी कळलं होतं. 'चौदाच्या चौदा' हे शब्द कानावर पडले तेव्हाच. आयुष्यात पहिल्यांदाच तिला वाटलं की आपण गप्प बसलो तर? मग तिने कपाळावरचा दिवा सोडला आणि वाफ्याच्या कडेवर ठेवला.

"खतात काही नाही, डॉक्टरबाई. पाणीही चांगलं आहे. ते सगळं माझंच होतं."

"म्हणजे?"

"सगळ्या नळ्या मी भरल्या. एकटीनं."

कुणीतरी फसकन हसलं. सगळ्यांत लहान पोर होती ती, हसू आवरेना म्हणून वाफ्याला धरून वाकली, आणि वाकल्या वाकल्याच तिचं हसू रडण्यात गेलं. डॉक्टरबाईला आधी राग आला असावा. पण मावशीच्या तोंडाकडे बघून तो विरला. तेवढ्यात मालक उठून उभा राहिला आणि सुटकेचा निःश्वास टाकून म्हणाला, "म्हणजे एकटीलाच आहे ना?" त्या एका वाक्यासाठी त्याला कुणी कधी माफ केलं नाही, आणि करूही नये.

इस्पितळात जे निघायचं ते निघालं. आतड्यात गाठ, आणि तिथून दुखणं यकृतात पसरलेलं. आईचाच आजार, आईइतकाच पुढे गेलेला. आतडं बंद पडू नये म्हणून एक ऑपरेशन झालं, मग सलाईनमधून औषधं सुरू झाली. मावशीचे केस विरळ झाले, दंडाची कातडी लोंबायला लागली. डॉक्टरबाई तिला भेटायला यायची. तिच्या हातात काही नव्हतं, पण यायची.

"एक सांगा मला," मावशीने एकदा विचारलं. "त्या गोळ्या खोट्या होत्या का?"

"नाही. तुमची हाडं बघा, तरण्या बाईसारखी आहेत."

"हाडं घेऊन काय करू? मी आतड्याचं विचारतेय."

डॉक्टरबाई खुर्ची ओढून बसली. "कॅल्शियम पुरेसं पोटात जाणाऱ्यांना आतड्यातल्या गाठी थोड्या कमी होतात, असं काही अभ्यासांत दिसलं आणि काहींत नाही दिसलं. ड जीवनसत्त्वाचं तर आणखीच अवघड. ज्यांच्या रक्तात ते कमी असतं त्यांच्यात हा कॅन्सर जास्त दिसतो. पण हजारो लोकांना गोळ्या देऊन बघितलं, तर गोळ्यांमुळे कॅन्सर टळला असं काही ठामपणे दिसलं नाही. आणि थोडा कमी होणं म्हणजे न होणं नाही, मावशी. तपासणीची जागा गोळी नाही घेऊ शकत."

"हे तेव्हा का नाही सांगितलंत?"

"सांगितलं होतं."

मावशीने छताकडे बघितलं. "असेल. मीच ऐकलं नसेल."

"आणि तुमच्या आईचं मला आज कळतंय," डॉक्टरबाई म्हणाली. "मी कधी विचारलंच नाही. आई गेली होती, पोट साफ होत नव्हतं, धाप लागत होती. यातलं एक जरी मला कळलं असतं तर मी नळी-बिळी न देता तुम्हाला थेट दुर्बिणीला पाठवलं असतं." तिचे डोळे भरून आले. मावशीला ते आवडलं नाही. तिने विषय तोडला. बाकीच्या बायकांचं काय ते विचारलं.

बाकीच्यांनी या वेळी आपापल्या नळ्या दिल्या होत्या. मावशीने आल्यागेल्या प्रत्येकीला खाटेवरून दम भरला होता. लाज गुंडाळून ठेवा, नाहीतर इथे माझ्या शेजारची खाट रिकामीच आहे. एकीला मूळव्याध निघाली, दुसऱ्या सगळ्या सुटल्या. राहिली ती धाकटी. तिचं नळीवर भागणार नव्हतं. आई आणि बहीण, दोघींना असल्यावर तिची तपासणी थेट दुर्बिणीनेच व्हायला हवी होती. आणि ती जायला तयार नव्हती.

ती रोज यायची, डबा आणायची, ताईचे पाय दाबायची. दुर्बिणीचं नाव काढलं की उठून खिडकीपाशी जायची. भिंतीपाशी उन्हात बसणं तिने सोडलं होतं. गोळ्या तर गटारात टाकल्या होत्या. मावशीने आधी रागावून पाहिलं, मग ओरडून, मग मेव्हण्याकडून सांगवून पाहिलं. धाकटीचं एकच.

"तू एवढं सगळं केलंस तरी झालंच ना तुला? मग बघून तरी काय होणार? असेल तर असेल. मला कळायला नको."

त्या दिवशी मावशीला ओरडायला दमही नव्हता. आणि ओरडता येत नव्हतं म्हणूनच असेल, तिच्या तोंडून आजवर कधी न निघालेलं काहीतरी निघालं.

"मला भीती वाटायची," ती म्हणाली.

धाकटी वळली. तिला आधी कळलंच नाही की हे कोण बोलतंय.

"आईला पुसताना मला रोज वाटायचं, हे आपल्याला होणार. डॉक्टर म्हणाले तपासून घ्या, तेव्हा माझे पाय कापत होते. पायऱ्यांवर तुला 'बघू' म्हटलं ना, ते मी घाबरून म्हटलं. मग या डॉक्टरबाईंनी ऊन सांगितलं, गोळ्या सांगितल्या, आणि मला सुटल्यासारखं झालं. आत काय आहे ते न बघताच वाचायचं! मग काय, तुम्हा सगळ्यांना दामटून उन्हात बसवलं मी. तुला वाटतं मी मोठी धीट. धीट असते तर तेव्हाच जाऊन आले असते, आणि तुलाही नेलं असतं."

धाकटी खाटेवर बसली. बाहेर कुणीतरी ढकलगाडी नेत होतं, तिचं एक चाक कुरकुरत होतं.

"मी गेले तर बाहेर कोण बसेल?" धाकटीने विचारलं.

"नवरा बसेल. आणि मी वरच्या मजल्यावर आहेच. मरत नाही तोवर."

"असं नको ना बोलूस."

"मग जा."

ती गेली. त्याच इस्पितळात, खालच्या मजल्यावर. त्या सकाळी मावशीने दुधाचा घोटही घेतला नाही. नर्स दोनदा रागावून गेली. दारावरची नजर तिने काढली नाही. यकृतातलं वाढतंच आहे आणि औषधाचा आता उपयोग दिसत नाही, हे तिला आदल्या दिवशीच सांगून झालं होतं, पण ते तिच्या मनात कुठेतरी मागच्या बाकावर बसलं होतं. आज जीव अडकला होता तो खालच्या मजल्यावर.

दुपार कलताना नवऱ्याचा दंड धरून धाकटी आली. चाल जरा झोकांडी खात होती, केस विस्कटलेले, चेहऱ्यावर झोपेची सूज.

"दोन गाठी होत्या," ती म्हणाली. "बारीक. तिथल्या तिथे काढल्या. तपासायला पाठवल्यात, पण डॉक्टर म्हणाले काळजीचं नाही. अजून काही वर्षं तशाच राहिल्या असत्या तर…" पुढचं तिने गिळलं.

मावशीने तिला जवळ ओढलं. तिच्या केसांवरून, कपाळावरून, गालावरून हात फिरवला, लहानपणी पडून आली की फिरवायची तसा. मग विचारलं, "दुखलं का गं फार?"

"छे! सुई टोचली तेवढीच. मग जी झोप लागली, उठले तर सगळं झालेलं. काल ते औषध पिऊन सारखं संडासला पळावं लागलं, तोच काय तो त्रास."

"एवढंच?"

"एवढंच, ताई."

मावशी हसली. मान हलवली, छान झालं म्हणाली, मेव्हण्याला चहा पिऊन ये म्हणाली. मग तिने तोंड भिंतीकडे केलं आणि ती रडायला लागली. आईच्या वेळीही रडली नव्हती अशी, अंगातला सगळा जोर लावून. धाकटीला वाटलं, ताई सुटकेनं रडतेय. तिने तिचा हात घट्ट धरून ठेवला. त्यात सुटका होतीही थोडी. पण बाकीचं सगळं रडणं दुर्बिणीच्या वेळच्या त्या एका झोपेसाठी होतं. ती झोप मावशीलाही कुणीही, कधीही दिली असती, नुसतं जाऊन मागायची होती.